प्रलंबित लाडू

पंगतीत नाना कधी सुरुवातीला बसत नाहीत आणि शेवटच्या टोकालाही बसत नाहीत. सुरुवातीला वाढप्यांच्या अंगात जोर असतो, भांडी काठोकाठ भरलेली असतात. शेवटाला आलं की त्यांना भांडं रिकामं करून मोकळं व्हायचं असतं. मधे मात्र एक पट्टा असा असतो, की तिथे वाढपी पानाकडे न बघता पुढच्या पानाकडे बघत धावत असतो. नाना नेमके तिथे बसतात. जिलबीचं ताट दोन पानांवर आलं की शेजारच्याशी बोलायला लागतात, तेही कुणाच्या तरी ऑपरेशनबद्दल, म्हणजे वाढप्याला मधे तोंड घालायची सोय नाही. एवढं करूनही पानात जिलबी पडलीच, तर ती आधी मठ्ठ्याच्या वाटीमागे सरकते, मग मसालेभाताच्या आडोशाला जाते. पान उचलताना ती कुठे असते, ते नाना आणि तो खरकटं काढणारा पोरगा, या दोघांनाच ठाऊक.

नाना महसूल खात्यातले निवृत्त अव्वल कारकून. महाडात आमच्या आळीत राहतात. नोकरीत ते एकच गोष्ट शिकले, पण पक्की शिकले. अर्ज कधी नामंजूर करायचा नाही. नामंजूर केला की माणूस अपिलात जातो, साहेबाकडे जातो, पुढाऱ्याकडे जातो. प्रकरण प्रलंबित ठेवायचं. माणूस दमतो आणि आपोआप घरी जातो. हेच धोरण ते लाडवाला लावतात. "नको" हा शब्द मी त्यांच्या तोंडून अजून ऐकलेला नाही. "ठेवा ना, घेतो." "जरा पोटात जागा होऊ दे." "वहिनी, तुमच्या हातचा लाडू असा घाईघाईत खायचा नसतो." तेवढ्यात नानांना कुठलं तरी काम आठवतं, ते चप्पल घालतात आणि लाडू बशीत प्रलंबित राहतो.

असे नाना प्रत्येक आळीत एक तरी असतातच. आमच्या नानांना मधुमेह. त्यांच्या रक्तातल्या तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा एकदा आठाच्या वर गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "नाना, साखरेशी संबंध तोडा." नाना म्हणाले, "कसा तोडू? सासुरवाडीच साखर आहे." डॉक्टर बाहेरचे, त्यांना कळेना. मग पोलादपूर तालुक्यात साखर नावाचं गाव आहे, सूर्याजी मालुसऱ्यांची समाधी तिथेच आहे, हे सगळं सांगण्यात तपासणीची वेळ संपली आणि पथ्याचा कागद हातात घेऊन नाना बाहेर आले.

नानांची खरी परीक्षा महाडात होत नाही, ती गावाला होते. त्यांचं मूळ घर पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याकडच्या एका वाडीत. थोरली बहीण, म्हणजे अक्का, शेजारच्याच वाडीत दिलेली. अक्कापुढे प्रलंबित वगैरे काही चालत नाही. ती पदर खोचून समोर बसते आणि घास गिळला जाईपर्यंत उठत नाही. दारात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "किती बारीक झालास रे!" आणि दुसरं, नानींकडे बघत, "तिकडं खायला मिळत नाय वाटतं." नानी सुगरण बाई, पण या एका वाक्यापायी त्या नवऱ्याच्या पथ्याचा बळी द्यायला तयार असतात. म्हणून वाडीत गेलं की त्याही विरोधी पक्षात जाऊन बसतात आणि स्वतःच्या हाताने नानांच्या पानात दुसरी पुरणपोळी टाकतात.

अक्काला पुरावे दाखवून उपयोग नसतो. 2023 साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे पेपरात आले होते. देशात 10 कोटी 10 लाख मधुमेही, आणि आणखी 13 कोटी 60 लाख उंबरठ्यावर. नानांनी कात्रण घडी करून नेलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. अक्का शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "एवढ्या लोकांना झालाय आणि सगळे जगतायत, म्हणजे काय एवढा मोठा आजार नाय." वर आजोबांचा दाखला. आजोबा म्हणे शेतावरून आले की गुळाचा खडा तोंडात टाकून तांब्याभर पाणी पीत, त्यांना कधी काही झालं नाही. नानांनी सांगितलं, की आजोबा डोक्यावर भार घेऊन घाट चढून महाबळेश्वरच्या बाजाराला जायचे, मी स्कूटरवरून एटीएमला जातो. "मग तूही जा चालत," अक्का म्हणाली, "पण आधी हे संपव."

गणपतीत तर गणितच मोडतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. चहाचा एक चमचा म्हणजे चार-पाच ग्रॅम. आमच्याकडे कपात दोन चमच्यांखाली साखर घातली, तर त्याला चहा म्हणत नाहीत. म्हणजे आरत्या करत वाडीत निघालं, की तिसऱ्या घरी नानांचा दिवसाचा कोटा संपलेला असतो आणि अजून सगळी वरची वाडी शिल्लक असते. भजनाच्या मंडळींत पेटी नानांकडे, त्यामुळे मधूनच सटकताही येत नाही.

"बिनसाखरेचा द्या" असं त्यांनी एकदोन घरी सांगून बघितलं. त्याचं काय होतं ते मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून पाहिलेलं आहे. आत सासू-सुनेत कुजबूज सुरू होते. पाव्हण्याला बिनसाखरेचा चहा द्यायचा म्हणजे घरातली साखर संपली, असंच लोकांना वाटायचं. शेवटी सासू निर्णय देते, "घाल थोडीशी, त्यांना कुठं कळतंय." ते थोडीशी म्हणजे दीड चमचा. नाना पहिल्या घोटालाच ओळखतात, पण "वा, झकास" म्हणून कप पितात. इथे प्रलंबित ठेवता येत नाही, कारण चहा गार होतो आणि गार झाला की बदलून गरम आणतात, तोही पुन्हा भरून.

प्रसादाचं तर नावच काढू नका. नाना प्रसाद घेतात, दोन्ही डोळ्यांना लावतात आणि तोंडाकडे नेता नेता हात खिशाकडे वळतो. ही हातचलाखी इतकी सफाईदार आहे, की भजनी मंडळीत आजवर कुणालाच संशय आला नाही. संशय येतो तो मुंग्यांना. दीड दिवसाचा गणपती उठला, की नानांचा सदरा खुंटीवर, सदऱ्याच्या खिशात दोन पेढे, खडीसाखर आणि चुरमुऱ्यांना चिकटलेला अर्धा मोदक, आणि खुंटीपासून उंबऱ्यापर्यंत मुंग्यांची रांग. नानी म्हणतात, देवाने दिलेलं मुंगीच्या मुखी पडतंय, पुण्यच आहे, पण सदरा मला धुवावा लागतो.

यातूनच नानांना त्यांच्या आयुष्यातला मोठा शोध लागला. आपल्याकडे डॉक्टरांच्या शब्दाला किंमत नाही, देवाच्या शब्दाला आहे. "शुगर आहे" म्हणालं की समोरचा वाद घालतो. "सोमवार आहे" म्हणालं की तोच माणूस हात जोडतो. झालं, नाना एकाएकी धार्मिक झाले. सोमवार वीरेश्वराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. कुणी बोलावलं की ते आधी वार विचारत. पण या शोधात एक भोक होतं आणि ते साबुदाण्याचं होतं. "उपास आहे" म्हणताच अक्काने दाण्याच्या कुटात माखलेली खिचडी, वर बटाट्याचा कीस, वर रताळ्याचे गोड काप आणि शेवटी "फराळ हलका असतो" म्हणून खजूर असं पुढे ठेवलं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टच. त्या महिन्याचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, "लग्नं जास्त होती का?" नाना म्हणाले, "नाही, उपास जास्त होते."

मग काशी झाली. यात्रा कंपनीच्या गाडीने नाना-नानी काशी-गयेला जाऊन आले. तिथे गेलं की आवडीची एखादी गोष्ट सोडायची रीत आहे. बहुतेक लोक कारलं नाही तर भोपळा सोडून येतात, म्हणजे देवही खूश आणि जिभेचंही नुकसान नाही. नाना परत आले ते आळीत जाहीर करतच, की मी साखर सोडून आलो. नानींचं म्हणणं, त्या दिवशी हे धर्मशाळेत झोपले होते. ते काहीही असो, युक्ती बिनतोड होती. काशीत सोडलेली वस्तू कोण वाढणार? महाडात चार महिने नाना राजासारखे फिरले. बिनसाखरेचा चहा खरोखर बिनसाखरेचा येऊ लागला. एका लग्नात तर यजमानाने स्वतः वाढप्याला दटावलं, "अरे, त्यांना नको, त्यांनी सोडलंय."

वाडीत पोहोचल्यावर अक्काने हे सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "लई मोठं काम केलंस," म्हणाली. "साखर सोडलीस ना? काय हरकत नाय. आपल्याकडं साखरेचं असतं तरी काय?" मग गुळाचे मोदक आले. पातोळ्या आल्या. गुळाची खीर आली. खरंच, आपल्या कोकणातल्या घरच्या गोडात साखर असते कुठे? पुरणात गूळ, मोदकात गूळ, खांडवीत गूळ. नानांनी गूळही सोडायला हवा होता, पण पुन्हा काशीला जायचं म्हणजे माणशी खर्च येतो.

मधल्या काळात एक दीक्षित पर्वही होऊन गेलं. 2018च्या सुमाराला मराठी घरांत 'दीक्षित की दिवेकर' हा आहाराचा वाद ज्या तावातावाने चालला, तसा तो त्याआधी फक्त निवडणुकांवरून चालत असे. नाना दीक्षितांकडे गेले. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा हिशेब सुटसुटीत आहे, दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा जेवा आणि 55 मिनिटांत उरका. मधल्या वेळचा चहा-फराळ आपोआप बंद, म्हणून नानांना तो फार आवडला. नातेवाइकांनी त्यातून एवढाच अर्थ काढला, की या माणसाला 55 मिनिटं काहीही घातलेलं चालतं. फोन यायला लागले, "नाना, तुमची पंचावन्न मिनिटं कधी आहेत?" एका घरी तर घड्याळ समोर लावून, शेवटच्या पाच मिनिटांत श्रीखंडाचं पातेलं आणलं. तिकडे नानींनी दिवेकरांचं एकच वाक्य उचललं, तुपाला घाबरू नका. एका घरात दोन्ही पंथ आले आणि नाना दोन्हींच्या मधे सापडले. दोन किलो वाढले.

एवढं सोसलेला माणूस दुसऱ्याच्या जिवाला जपेल, अशी तुमची समजूत असेल, तर नानांच्या घरी एकदा जाऊन या. स्वतःच्या ओटीवर नाना पार बदलतात. "घ्या हो, लाजताय काय!" "एकानं काय होतंय?" मी दोन्ही हात बशीवर धरले, तर माझ्या बोटांच्या फटीतून त्यांनी चकली आत सरकवलेली आहे. "तुम्हाला आहे का शुगर? नाही ना? मग?" आणि असली तर? तर म्हणतात, "मला आहे, मी मेलो का?" त्यांच्या घरून उपाशी आलेला माणूस महाडात नाही. पाहुणा नको म्हणाला, की नाना खरोखरच हिरमुसतात. रात्री नानींना विचारतात, त्यांचं काही बिनसलंय का आपल्याशी?

या हिरमुसण्याला कारण आहे, आणि ते ज्यांना बघायचं त्यांनी पोलादपूरकडचे डोंगरउतार बघावेत. खाचरातला भात थोडा. वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. पूर्वी रोजच्या पोटाला नाचणीची भाकरी नाही तर आंबील, वर कुळथाचं पिठलं, सुकट मिळाली तर चैन. पांढरा भात सणाला, नाही तर पाव्हण्याला. मुंबईहून मनीऑर्डर आली तर गूळ. अक्काच्या पिढीने पाव्हण्यापुढे ठेवायला म्हणून तांदूळ कणगीत राखून स्वतः पेज प्यायलेली आहे. आता डॉक्टर नानांना कागदावर लिहून देतात, नाचणी, वरी, कुळीथ, भात कमी. म्हणजे अक्काने जन्मभर जे लपवलं तेच. 2023 हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, महाडातल्या दुकानांत नाचणीची बिस्किटं सुंदर पुड्यांत आली, पण अक्काच्या चुलीपर्यंत ही वार्ता गेली नाही. नानांनी एकदा सरळ म्हटलं, "अक्का, भात राहू दे, मला नाचणीची भाकरी थाप." अक्का नुसती बघत राहिली. "माहेरच्या माणसाला नाचणी वाढू? लोक काय म्हणतील? वाईट दिवस आलेत काय आमच्यावर?"

एकदाच तिने ती दिली. 22 जुलै 2021. सावित्री आणि गांधारी या नद्या महाडच्या बाजारपेठेत शिरल्या, नानांचं तळमजल्याचं घर पाण्याखाली गेलं आणि आम्ही सगळे आळीतल्या एका माडीवर बसून राहिलो. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूरकडेही दरडी आल्या होत्या, रस्ते बंद, फोन बंद. पाणी ओसरल्यावर घरोघर चिखल. मग मुंबई-पुण्याहून मदतीचे टेम्पो आले, त्यांतून बिस्किटं, फरसाण आणि पुन्हा बिस्किटं. नाना काही न बोलता बिस्किटं खात होते. त्या दिवसांत कुणीच काही प्रलंबित ठेवत नव्हतं. चौथ्या दिवशी अक्काचा मुलगा अर्धी वाट चालत, अर्धी कुणाच्या मोटारसायकलवर बसून आला. गाठोड्यात नाचणीच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि कांदे. वर निरोप, "घरात दुसरं काय नव्हतं, दळणही बंद आहे. राग मानू नको म्हणावं, पुढच्या वेळी चांगलं पाठवीन." नानांनी चिखलाच्या हातांनी ते गाठोडं सोडलं, हात धुवायला स्वच्छ पाणी नव्हतं म्हणून ते सदऱ्याला पुसले आणि उभ्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथी आम्ही वाटून घेतली.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला नानांनी पाटावर बसूनच विषय काढला. ओवाळून झालं होतं, करंज्या-अनारशांचं ताट समोर होतं. नाना म्हणाले, "अक्का, पुरात पाठवलीस तशी भाकरी कर. तुझी शप्पथ, तसं कधी जेवलो नाही." शप्पथ हे अक्काचं हत्यार, ते उलटलेलं पाहून ती गडबडली. बराच वेळ काही बोलली नाही. मग आत गेली. नानांना वाटलं, जिंकलो. निघताना तिने डबा हातात दिला. स्टीलचा, तीन किलोचा. "तुला नाचणी पायजे ना? घे." नानांनी गाडीत झाकण उघडलं. आत नाचणीचे लाडू होते. गूळ, तूप, वर प्रत्येकाला एक बेदाणा.

हे लाडू खाणार कोण? नानांनी चार आमच्याकडे पाठवले. आमच्याकडे आई गोळ्या घेते, म्हणून मी ते समोरच्या काकांकडे दिले. काकांच्या घरी नवराबायको दोघांनाही शुगर. त्यांनी ते वरच्या मजल्यावरच्या एमआयडीसीतल्या पोरांना दिले. आळीत त्या आठवड्यात नाचणीचे लाडू कागदपत्रांसारखे एका घरातून दुसऱ्या घरात पुढील कार्यवाहीसाठी जात होते.

उरला डबा. डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत नानींना मोडवेना. एरवी त्या चिमूटभर साखर घालून पाठवतात. या वेळी नाना आडवे आले. "साखर नाही. अक्कालाही कळू दे माणूस काय खातो ते." आणि त्यांनी स्वतः बाजारातून आणून डब्यात अर्धा किलो मेथ्या भरल्या. सकाळी भिजवून पाण्यासकट घ्यायच्या, म्हणून चिठ्ठीसुद्धा घातली. पोलादपूरच्या एसटीत ओळखीच्या माणसाबरोबर डबा रवाना झाला. नाना दोन दिवस खुशीत होते.

तिसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला. आवाजात कौतुक मावत नव्हतं. "मेथ्या मिळाल्या हो! किती काळजी करतोस बहिणीची. थंडी पडायला लागली, माझ्याही कंबरेला बऱ्या." मग जरा थांबून म्हणाली, "उद्या कुणाला तरी स्टँडवर पाठव. एवढ्या मेथ्या एकटीला कुठं संपतात? डिंक घातलाय, खारीक घातलीय, आणि गूळ जरा जास्त घातलाय, कडू लागायला नको म्हणून."